रिकामी कात्री

रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडण होतं, असं म्हणतात. आमच्या घरात ती रोज वाजायची, सकाळी चूल पेटली की आणि सांजवेळी दिवा लागायच्या आधी, आणि भांडायला घरात पुरुष माणूसच नव्हता. आई मागच्या दारात उभी राहायची, बाबांची कात्री हवेत चकचक चालवायची, पात्यांच्या जोडावर खोबरेलाचा एक थेंब सोडायची, पुन्हा चालवायची, आणि फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवून द्यायची. शेजारची आनंदीमावशी कुंपणापलीकडून म्हणायची, "रुक्मा, कित्याक गे ती रिकामी वाजयतंस? भांडाण येता घरात." आणि आई म्हणायची, "येव दे गे. त्या निमतान कोण तरी येतलो." मावशी हसायची, आई हसायची, आणि मी चुलीपुढं बसून त्या दोघींची तोंडं बघायची.

आम्ही जातीनं म्हाले, म्हणजे न्हावी. डिचोलीच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या ओसरीवर बाबांची एक खुर्ची आणि एक आरसा. गिऱ्हाईक बहुतेक खाणीवरचं. पाळी गावाच्या बाजूनं खाणीचा माल घेऊन येणारे ट्रकवाले, त्यातले निम्मे सावंतवाडी-दोडामार्गकडचे, काही कोल्हापूर-बेळगावचे, पण डोक्यात सगळ्यांच्या एकच तांबडी धूळ. बाबा पाणी मारायचे तेव्हा त्यांच्या मानेवरून कोकमाच्या आगळासारखे ओघळ यायचे. मग कुणीतरी बाबांच्या मनात भरवलं की मोठ्या तारवांवर खलाशांचे केस कापायला न्हावी ठेवतात, जग बघायला मिळतं. बाबा गेले. जाताना नवी कात्री घेतली आणि जुनी, आजोबांच्या हातची, आईला दिली. "हिका गंज धरूंक दिव नको," एवढंच म्हणाले. सुरुवातीला मुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर काहीबाही यायचं, पावडरीचा डबा, मला एक हिरवी कंगवी, आईला न घालता येण्यासारखी उंच टाचांची चपलं. ती चपलं आईनं कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली होती. पुढं वस्तू थांबल्या आणि निरोपही थांबला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. कोणी म्हणे दुसऱ्या देशात उतरले, कोणी म्हणे तिकडं घर केलं, आणि कोणी काहीच न म्हणता आईच्या कपाळाकडं बघून मान फिरवायचं. आई कुंकू लावायची आणि कात्री वाजवायची. दोन्ही कामं सारख्याच घाईनं.

तिचा स्वतःचा धंदा वेगळा होता. ती नवऱ्या मुलींचे केस बांधायची. तिचं माहेर पेडण्याकडचं. तिचे वडील दशावतारी मंडळींचे केसांचे टोप सांभाळायचे, आणि आई परकराच्या वयात त्यांच्या मांडीशी बसून राण्यांचे अंबाडे घालायला शिकली. राण्या म्हणजे मिशी काढलेले बापये. "बापयाचो आंबाडो घालूंक सोपो," ती म्हणायची, "तो मान हलयना. बायल मातूर शेजारणीन कसला लुगडा नेसला ता बघूंक वळता." मयेपासून पेडण्यापर्यंत तिला बोलावणी यायची. तुळशीचं लग्न झालं की आमच्या घरात माका आणि जास्वंद घालून तापवलेल्या खोबरेलाचा वास भरायचा, तो थेट शिमग्यापर्यंत जायचा नाही. पेजेलाही तो वास, पांघरुणालाही. शाळेत मुली मला तेलाची बुधली म्हणायच्या.

ज्या मुलीचे केस कमी तिच्यासाठी गंगावन लागायचं, म्हणजे जोडायचे केस. आई ते स्वतः करायची. ओळखीच्या सवाशिणी विंचरताना गळलेले केस गुंडाळून ठेवायच्या, आई ते गोळा करून रिठ्यानं धुवायची, सरळ करायची, जाड दोऱ्यावर ओवायची. सगळ्यात लांब आणि काळं गंगावन तिच्या स्वतःच्या केसांचं होतं. ते ती उसनं द्यायची. लग्न झालं की नवरीनं नारळ आणि फुलांच्या फातीबरोबर, म्हणजे गजऱ्याबरोबर, ते परत पाठवायचं, अशी रीत होती.

पण या कामाला एक अट होती आणि ती आईच्या हातात नव्हती. नवरीच्या केसांना पहिला हात सवाशिणीचाच लागला पाहिजे. बाई कितीही हुशार असली तरी कपाळ पुसलं गेलं की संपलं. आता तुम्हीच बघा, आमची काय गत झाली होती. बाबा गेल्याची खबर आली असती तर रडून मोकळं होता आलं असतं, पण धंदा बसला असता. ते आले असते तर सगळंच बरं झालं असतं, पण ते येत नव्हते. "ठाऊक नाही" या एवढ्या एका गोष्टीवर आमची चूल पेटत होती. म्हणून आई कुणाला विचारायला जात नसे. मुंबईहून कोणी आलं की बाकीच्या बायका धावायच्या, आई विहिरीवर कपडे धुवायला बसायची.

एका जागी तिला बसवत नसे. पदेर पाव घेऊन आला, त्याचा भोंपू वाजला की ती हातातलं पीठ तसंच घेऊन दारात जायची, आणि उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन परत येता येता तुळशीला पाणी घालायची, कोंबडीला हाकलायची, माझी वेणी सोडायची. माझी वेणी दिवसातून कितीदा सुटायची आणि बांधली जायची याला सुमार नव्हता. टोणकाला, म्हणजे उसळीला, फोडणी घातली आणि ते शिजेपर्यंत हात रिकामे, तर बोलाव शेवंतीला. शेवंती म्हणजे मी. कोणी शेजारची पोर मीठ मागायला आली तरी मीठ आणि नवी वेणी दोन्ही घेऊन जायची. मी सातवी शिकून घरी बसलेले, अठराची होत आलेले, मला तो हात डोक्यावर आला की रागही यायचा आणि झोपही यायची. आज साठी जवळ आली, रात्री डोकं दुखतं तेव्हा मी आपलाच हात केसांत घालून बघते. ते जमत नाही. आपल्या हाताला आपलं डोकं फसत नाही.

त्या वर्षी सगळा गोवाच असा बसेनासा झाला होता. कोकणी की मराठी, म्हापशात सभा, फोंड्यात सभा, भिंती रंगलेल्या, आणि आता गोवा वेगळं राज्य होणार म्हणून रेडिओपुढं माणसांची गर्दी. आमच्या घरात आई आरती एका भाषेत म्हणायची, भांडायची दुसरीत, आणि माझी वेणी घालताना तिसरंच काहीतरी गुणगुणायची, त्यात दोन्हीचे शब्द असायचे. बंद पुकारला की खाणीचे ट्रक थांबायचे. रात्रंदिवस घरघर ऐकायची सवय झालेली, तो आवाज बंद झाला की कुत्री भुंकायची. सगळे कशाची तरी घोषणा होण्याची वाट बघत होते. आमच्या घरात एकटी आई होती जिला कसलीच घोषणा नको होती.

त्यात इब्रामपूरच्या पलीकडच्या एका वाड्यावरचं लग्न ठरलं. नवरी सुलभा. तिला टायफॉइड होऊन केस गळले होते, पोरगी हाडकुळी, आरशापुढं बसायला तयार नाही, आणि तिच्या आईनं दोनदा माणूस पाठवून रुक्माबायच हवी म्हणून सांगितलं होतं. आईनं तिच्यासाठी आपलं स्वतःचं गंगावन काढलं. लग्न एका दिवसावर आलं आणि बंद आला. न्यायला जीप येणार नाही असा लग्नघरून निरोप मिळाला. आईनं मग बाबल ड्रायव्हरला धरलं. बाबल दोडामार्गचा, बाबांचं जुनं गिऱ्हाईक, बंदमुळं रिकामा ट्रक घेऊन पहाटेच आडवाटेनं घरी जायचा होता. तो म्हणाला, दोडामार्गापर्यंत नेतो, पुढं चाला.

सकाळी धुकं होतं. पदेर आला नव्हता, म्हणून कालची भाकरी पेजेत बुडवून खाल्ली. आई मागच्या दारात कात्री वाजवून आली, फण्यांची पेटी बांधली, आणि दातांत आकडा धरून स्वतःच्या अंबाड्यात अबोलीची फात खोचत होती, तेवढ्यात काशीकाका अंगणात आला. काशीकाका बाबांचा चुलतभाऊ, मुंबईला गोदीत कामाला, घर मयेला. सुट्टीवर आला की सायकल मारत आमच्याकडं यायचाच. त्याची तऱ्हा ठरलेली. पायरीवरूनच ओरडायचा, "वयनी, च्या ठेवलो मगे? म्हालो पावलो, डोकी काढा भायर," सोप्यावर पाय पसरून बसायचा, माझी वेणी ओढायचा, आणि आईनं केलेल्या चहाला नावं ठेवत दोन कप प्यायचा.

त्या दिवशी तो तुळशीपाशी थांबला. सायकल उभी केली नाही, हातातच धरून ठेवली. मी म्हटलं, काका, बस मगे. तो "नको गे बाय" म्हणाला. मला वाटलं, एवढ्या लांबून सायकल मारून दमलाय. मी तांब्या भरून नेला. त्यानं तो घेतला नाही. तुळशीच्या कठड्यावर ठेवायला सांगितला आणि हात मागं घेतला.

आमच्याकडं मरणाची खबर घेऊन येणारा माणूस पायरी चढत नाही आणि त्या घरचं पाणी घेत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून बघितलेलं. पण दुसऱ्याच्या अंगणात बघितलेली गोष्ट आपल्या अंगणात येऊन उभी राहिली की ओळखू येत नाही, काय करणार. आईनं मात्र तांब्याकडं बघितलं. दातांतला आकडा काढला, अंबाड्यात खोचला, आणि काशीकाकानं तोंड उघडायच्या आत म्हणाली,

"भावजी, आता काय सांगू नकात."

"वयनी, पूण..."

"पूण नको. एका चेडवाचे केस बांधून येतंय. सांजे आयकतंय. तोपर्यंत ता तुमच्या तोंडात रवूं दे."

काशीकाकानं हळूच मान हलवली, सायकल वळवली, कुंपणाबाहेर नेली आणि फणसाच्या झाडाला टेकवून तिथंच खाली बसला. आई त्याच्या समोरून पेटी घेऊन गेली. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही.

ट्रकमध्ये मी आईला चिमटे काढून काढून विचारलं. काका काय सांगणार होता? बाबांचं काही आहे का? तू ऐकून का घेतलं नाहीस? बाबल ऐकेल म्हणून ती गप्प. दोडामार्गाच्या अलीकडं रस्त्यावर झाड आडवं पाडलेलं होतं, ट्रक पुढं जाईना, तिथून आम्ही चालायला लागलो तेव्हा ती बोलली. माझ्याकडं न बघता, भरभर चालत. म्हणाली, सुतक मरणाचं नसतं, ऐकण्याचं असतं. खबर कानावर पडली की त्या घडीपासून लागतं. तोवर माणूस गेला असला तरी घर चोख. "आयकूंकच ना तर सुतक कसला? माज्या कानांत अजून काय पडूंक ना. आणि तूय माका इचारू नको. इचारलंस तर मी म्हणतलंय, आणि म्हटलंय तर आयकल्यासारखा जाता."

एवढं बोलून ती पुढं झाली. मी तिच्या मागून तिचा अंबाडा बघत चालले होते, त्यातली अबोली. पायाखाली काजूची सुकी पानं करकरत होती आणि मला सारखं वाटत होतं की ओरडावं. तिला थांबवावं, मागं न्यावं, काकाच्या तोंडातून ते काढून घ्यावं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की ही वाट संपू नये.

आडव्या झाडापाशी पोरं बसली होती, ते सांगायचं राहिलंच. डोक्याला फडकी बांधलेली, हातात काठ्या. आम्ही उतरलो तेव्हा त्यातला एक पुढं आला आणि दरडावून म्हणाला की रस्ता बंद आहे, तुम्ही कोणत्या बाजूच्या, मराठीच्या की कोकणीच्या. ते स्वतः कोणत्या बाजूचे ते मला आजही ठाऊक नाही. आई म्हणाली, "पुता, मी नवरेच्या बाजूची. मुहूर्त चुकलो तर व्हरडिकार माका ज्यो गाळी घालतले त्यांका तुमच्यो दोनय भाशा पुरच्यो नात." पोरं हसली. एकानं तिला ओळखलं, त्याच्या बहिणीचे केस तिनंच बांधले होते. त्यानं पेटी उचलून झाडापलीकडं ठेवली आणि आईला हात धरून खोडावरून पलीकडं घेतलं. आईनं त्याच्या वाढलेल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, मुलुखाचं काय ते करा, पण आधी हे कापून घे.

लग्नघरी आम्ही पोचलो तेव्हा सुलभा आतल्या खोलीत पाटावर बसून रडत होती. तिची आत्या, थोराड बाई, नाकात मोठी नथ, कंबरेवर हात ठेवून दारात उभी. तिला सगळं विचारायची सवय. आईनं पेटी उघडली, तेल तळहातावर घेतलं, सुलभाच्या मागं गुडघे टेकले. पहिला हात लावण्याआधी ती थांबली. आत्यानं नेमकं तेव्हाच विचारलं, बाई, तुझा घोव असतो कुठं.

"तारवार."

"खबर येता मगे?"

"येयल्या म्हणतत. सांजे कळतली."

"बरी जाव," म्हणून आत्या समाधानानं वळली. आईनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. आणि मग तिनं सुलभाच्या केसांना हात लावला.

मी तेल, दोरा, आकडे देत होते. मला आईचे हात पाठ होते. त्यांतली फणी कधी चुकत नसे. त्या दिवशी भांग पाडताना फणी दोनदा वाकडी गेली. विरळ केस गोळा करून काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधले, गंगावन जोडलं, पीळ देऊन अंबाडा घातला, सगळं नेहमीसारखं, पण आकडा खोचताना तो निसटला आणि सुलभाच्या कानामागं ओरखडा उठला. रक्ताचा बारीक थेंब आला. आईच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सुलभा दचकली. आत्या तिथंच होती, तिनं विचारलं, काय झालं गे? लग्नाच्या दिवशी नवरीच्या अंगाला रक्त म्हणजे त्या बाईनं घर डोक्यावर घेतलं असतं. सुलभा मान न वळवता म्हणाली, "मुंगी चावली." आणि कानामागं हात नेऊन तो थेंब पुसायच्या निमित्तानं तिनं आईची बोटं क्षणभर धरली. मी बघितलं. मग ती रडायची थांबली आणि आरशात बघायला लागली. अंबाड्याभोवती अबोलीची फात, मग जाईची, मग पुन्हा अबोलीची. हाडकुळी पोर देवीसारखी दिसायला लागली. तिची आई दारातून बघून पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

आईला जेवायला थांबवलं, तिनं हात जोडले. तिची ओटी भरली, केसांत नवी फात माळली, कुंकू लावलं. ते लावून घेताना तिनं डोळे मिटले. येताना बाबल झाडाच्या अलीकडं थांबलेला होता. वाटेत आई एकदाच बोलली. म्हणाली, अंबाडा डाव्या अंगाला थोडा कलला का गे? मी म्हटलं, नाही. तरी ती मध्येच हात हवेत धरून काहीतरी सरळ करत होती.

घरी पोचलो तेव्हा ऊन फणसाच्या शेंड्यावर होतं. काशीकाका तिथंच. आनंदीमावशीनं त्याला तिच्या घरची पेज आणि खारातलं तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी, दिलं होतं, एवढंच त्याच्या पोटात. आईनं पेटी आत ठेवली, विहिरीवर हातपाय धुतले, ओटीचा नारळ देवापुढं ठेवला. कात्री वाजवायची वेळ झाली होती. तिनं फळीकडं बघितलं नाही. ती बाहेर येऊन पायरीवर बसली, मला जवळ बसवलं, आणि म्हणाली, "आता सांगा, भावजी."

काशीकाकानं सांगितलं. बाबांच्या तारवावरचा एक माणूस त्याला गोदीत भेटला होता. मागच्या शिमग्याच्या सुमाराला बाबांना ताप आला, एका परक्या बंदरात उतरवलं, तिथंच गेले, तिथंच दहन केलं. बरोबरच्या माणसांना वाटलं, घरी कळवलं असेल. आई रडली नाही, निदान तेव्हा नाही. तिनं एकच विचारलं, "त्यांची दाढी कोणी केल्ली?"

काशीकाकाला ते ठाऊक नव्हतं. सगळ्या तारवाची दाढी करणारा माणूस, त्याची शेवटची कोणी केली हे सांगायला कोणी नव्हतं. तो एवढा थट्टेखोर माणूस, तोंडावर पंचा घेऊन रडला. आईनं केसांतली फात काढली, अजून ताजी होती, तुळशीत ठेवली. मग आत जाऊन ती आरशाला पाठ करून बसली.

खबर लपत नाही. बाबा मागच्या शिमग्यालाच गेले म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या नवऱ्यांचे केस कोणाच्या हातचे, हा हिशेब बायकांनी आमच्याआधी केला. कोणी दाराशी येऊन बोललं नाही, पण बोलावणी थांबली. इब्रामपूरची आत्या तर बाजारात उभी राहून म्हणाली की खबर अंगणात उभी असताना ही बाई आमच्या पोरीच्या डोक्याला हात लावायला आली, आणि वर रांडवेचे केस जोडले. आनंदीमावशीनं ते येऊन सांगितलं. आई म्हणाली, खरंच आहे, त्यात तिचं काय चुकलं.

ते दिवस फार वाईट गेले. तिचे हात काही ऐकेनात. माझी वेणी ती सोडायची, बांधायची, सोडायची, मी एकदा ओरडले तेव्हा घाबरल्यासारखी बाजूला झाली आणि मग नारळाचा काथ्या घेऊन त्याच्या वेण्या घालत बसली. पांढऱ्या कपाळाची आई मला ओळखूच येत नसे. कात्री फळीवरच होती. एकदा मी फडकं सोडून बघितलं, पात्यावर तांबूस ठिपका धरला होता. मी ते तसंच गुंडाळून ठेवलं. ट्रक पुन्हा सुरू झाले होते, रेडिओ पुन्हा ओरडत होता, आणि मला आतून सारखं निघून जावंसं वाटायचं, कुठं ते कळत नव्हतं.

अशात एका सकाळी स्कूटरचा आवाज आला आणि अंगणात सुलभा उतरली. नवऱ्यानं स्कूटर फणसाखाली लावली आणि तो तिथंच थांबला. तिच्या हातात ताट, ताटात गंगावन, नारळ आणि अबोलीची फात. माघारी पाठवायची रीत होती, ती माणसाबरोबरही पाठवता आली असती. आई दारात आली आणि तिनं पाऊल मागं घेतलं. म्हणाली, फात परत ने बाय, ती आता माझ्या कामाची नाही. गंगावन तेवढं ठेव.

सुलभानं ताट सोप्यावर ठेवलं. कोपऱ्यातला पाट स्वतःच ओढला, आईकडं पाठ करून बसली आणि केस सोडले. आपले, तुटपुंजे. मग कानामागचा पदर बाजूला करून म्हणाली, "मावशे, बघ गे. ती मुंगी अजून दिसता."

ओरखड्याची बारीक रेघ होती.

"तुका कळल्ला?" आईनं विचारलं.

"तुजी फणी दोनदा वाकडी गेली. तू सांजे खबर आयकतलंय म्हणालंस, तेन्ना माज्या मानेर तुजीं बोटां थंडगार जालीं. माका वाटलां, हिका उठूंक सांगलां तर ही खंय जातली? आणि माका कोण बांधतलो?"

मी चुलीपाशी उभी, हातात पळी तशीच. मग आई म्हणाली, हात लावणार नाही मी, तुझ्या घरात बोलतील. सवाशिणीचेच हात लागतात गे.

"बांधूंक लागतत," सुलभा म्हणाली. "कापूंक कोणाचे लागतत ता खंय सांगलां? टायफॉइडाचे केस, शेंडे फुटलेत. काप."

पुढं आईनं त्याच बाजारात, बाबांची खुर्ची होती त्याच ओसरीवर पडदा लावून बायकांसाठी दुकान घातलं. गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागेच. पाटी रंगवणारा विचारायला आला की कोणत्या भाषेत लिहू, तर आई म्हणाली, फणी काढ. ती फणीची पाटी अजून आहे, रंग उडालाय. तिथं शिक्षिका आल्या, नर्सबाई आल्या, पावाच्या भट्टीवरची मारिया आली, आणि किती वर्षांनी का होईना आत्याही आली, पडद्यामागं बसली आणि आरशात स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना बघून गेली. आई शेवटपर्यंत त्या खुर्चीमागं उभी राहिली. बसली नाहीच. पण दुकानाचं मी काय सांगू, ते पुष्कळांनी बघितलंय. ती सकाळ फक्त आम्ही तिघींनी बघितली.

आई देवाच्या फळीपाशी गेली. फडकं सोडलं. गंजाच्या ठिपक्यावर तेल सोडून पदरानं घासत राहिली, कितीतरी वेळ, सुलभा पाटावर हलली नाही. मग आई तिच्या मागं गुडघ्यांवर बसली. सवयीनं तिनं कात्री आधी हवेत चालवली, तो चकचक आवाज, मी जन्मभर ऐकलेला. कुंपणापलीकडून आनंदीमावशीनं मान वर केली. आईनं डाव्या हाताच्या दोन बोटांत केसांची बट धरली, थांबली, आणि कात्री मिटली. आवाज वेगळाच आला, जाड, ओला, कापसात शिरल्यासारखा. मी तो तोवर ऐकलाच नव्हता. सुलभाच्या पाठीवरून काळा चिमूटभर गुच्छ शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडला, आणि आईचा हात पुढच्या बटेकडं गेला.